मोरिताबाईंना बारा प्रश्न

बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळींत ज्ञानेश्वर साळुंके भित्रा म्हणून प्रसिद्ध होता, आणि ही प्रसिद्धी त्यानं मोठ्या निगुतीनं सांभाळली होती. कुणाकडे जेवायला गेला की हा आधी दाराजवळची खुर्ची पकडायचा. गणपतीसाठी हॉल बघायला सगळे गेले की बाकीचे स्वयंपाकघर बघत, हा बाहेर पडायचे दरवाजे मोजत असे. त्याचा मित्र उदय त्याला माउली म्हणायचा. “त्या माउलींनी भिंत चालवली,” तो चारचौघांत सांगायचा, “आणि आमचे माउली भिंतीला हात लावून बघतात, पडते का ते.” सगळे हसत, ज्ञानेश्वरही हसे. एकदा भित्रा म्हणवून घेतलं की एक सोय होते. का घाबरतोस, असं मग कुणी विचारत नाही.

पोटापाण्यासाठी तो सॉफ्टवेअर तपासायचा. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कुठे आणि कशी मोडेल हे शोधून काढायचा त्याला पगार मिळे, आणि या कामात त्याचा हात धरणारा ऑफिसात दुसरा नव्हता. इंग्लंडवर त्याचा जीव जडला तोही काही इथल्या हवेमुळे नाही. इथली जमीन हलत नाही, एवढ्यावर तो या देशाचे सगळे पावसाळे माफ करायला तयार होता.

त्याची बायको देवयानी पुण्याची, इथे कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरीला. मुलं दोन. ईशानी अकरा वर्षांची, प्राथमिक शाळा संपवत आलेली. आणि वीर सात वर्षांचा. सुट्टीत ही चौघं डेन्मार्कला जाऊन आली होती, हॉलंडला दोनदा, स्कॉटलंडला तीनदा. ग्रीसला नको, उन्हानं मुलं आजारी पडतील. इटलीला नको, पाकीटमार फार. तुर्कस्तान नको, नेपाळ नको, प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त. हे सगळे नकार एका नकाशावर मांडून बघावेत असं देवयानीला कधी सुचलं नाही. ज्ञानेश्वरकडे तो नकाशा होता. जगात जमीन कुठे कुठे हलते ते त्यात लाल रंगानं दाखवलं होतं, आणि जपान तर अख्खं लाल होतं.

देवयानीला मूळ गोष्ट ठाऊक होती, पण एका वाक्यापुरती. लग्नाआधी त्यानं तिला सांगितलं होतं, “आई-वडील किल्लारीच्या भूकंपात गेले.” त्याचं गाव किल्लारीपासून सात कोसांवर. नंतर एका संस्थेनं त्याला इतर पोरांबरोबर पुण्याला आणलं, वसतिगृहात वाढवलं, शिकवलं. हे सगळं तो सांगायचा, अगदी वसतिगृहातल्या पातळ आमटीसकट. त्या रात्रीबद्दल मात्र ते एकच वाक्य होतं. देवयानीनंही जखमेवरची खपली काढली नाही.

एक खूण मात्र घरात राजरोस वावरत होती. रात्री झोपताना ज्ञानेश्वर उशाशी एक स्टीलचा पेला उपडा ठेवायचा, त्याच्यावर दुसरा पेला, आणि त्यावर चमचा आडवा. वसतिगृहातली त्याच्या भागातली सगळी पोरं असंच करायची. जमीन जराशी जरी हलली तरी भांडं पडून आवाज होतो आणि जाग येते. ईशानी चार वर्षांची असताना तिनं विचारलं, हे काय? तेव्हा तो म्हणाला, “आपल्याकडे मराठवाड्यात असतं असं.” झालं. पुढे शनिवारच्या मराठी शाळेत ‘आमच्या घरातल्या परंपरा’ असा विषय निघाला, आणि पोरीनं दोन पेले आणि चमचा नेऊन सगळ्या वर्गाला ती परंपरा समजावून सांगितली. शिकवणाऱ्या नीनाताई कोल्हापूरच्या. त्या बुचकळ्यात पडल्या, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. वीरच्या उशाशीही दोन प्लॅस्टिकचे पेले होते, वर एक लेगोचा माणूस.

तर अशा माणसाच्या घरात ईशानीला जपानचं वेड लागलं. दोन वर्षं ती फोनवर जपानी शिकत होती. शाळा संपल्यावर सुट्टीची जागा तिनं निवडायची, असं देवयानीनं तिला कबूल करून टाकलं होतं. पोरीनं टोकियो मागितलं असतं तर ज्ञानेश्वरनं दात-ओठ खाऊन काहीतरी केलं असतं. पोलादी, नव्या इमारती असतात, अभ्यास करून निवडता येतात. पण तिला हवं होतं खेडं. शिकोकू बेटावर, डोंगरात, म्हाताऱ्या नवरा-बायकोचं एक घर. एकशे तीस वर्षांचं, जाडजूड गवताच्या छपराचं. तिथे वांगी-काकड्या तोडायच्या, नदीत डुंबायचं, जमिनीवर गाद्या घालून झोपायचं.

“आणि बाबा, ऑगस्टमध्ये त्यांचा ओबोन असतो,” ईशानी सांगत होती. “म्हणजे डेड लोक घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावतात आणि व्हिलेजमध्ये सगळे डान्स करतात.”

“आपला पितृपक्षच की,” देवयानी म्हणाली.

ज्ञानेश्वर म्हणाला, बघू. मे महिन्याच्या अखेरीस तो लंडनला मीटिंगला गेला असताना देवयानीनं ते घर आठ रात्रींसाठी ठरवून टाकलं. “तू बघू बघू म्हणत तीन वर्षं काढशील,” ती म्हणाली. “एकोणतीस जूनपर्यंत कॅन्सल करता येतं, पण तसं काही करायचं नाहीये.”

त्या दिवसापासून त्याचं जेवण उडालं. वेबसाइटवरच्या त्या घराचा फोटो त्यानं इतका मोठा करून पाहिला की शेवटी नुसते ठिपके दिसायला लागले. तुळया किती जाड? भिंतीत माती आहे का? त्या छपराखाली गादीवर झोपलेली दोन मुलं त्याला दिसत, आणि छप्पर खाली येताना दिसे. हे ऑफिसात दिसे, गाडी चालवताना दिसे. एकदा तर गावातल्या एका राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकाला, त्यानं चार फेऱ्या मारल्या, कारण कुठे वळायचं तेच आठवेना. माणसाला भीती वाटते म्हणतात, पण ज्ञानेश्वरला ती वाटत नव्हती, तिनं त्याला धरलं होतं.

कॅन्सल करायला त्याला कारण हवं होतं. ते त्या घराकडूनच मिळवावं म्हणून त्यानं घरमालकीण मोरिताबाईंना ईमेल केलं. ‘दोन लहान मुलं आहेत, म्हणून विचारतो’ अशी सुरुवात करून इंग्रजीत बारा प्रश्न. छपराचं वजन किती? झोपायच्या खोलीपासून बाहेरचा दरवाजा किती पावलांवर? दार सरकतं की उघडतं, आणि चौकट वाकली तर अडकेल का? रात्री आतून कडी असते का? बाहेर मोकळी जागा किती, आणि छप्पर घसरलं तर ते कुठवर येईल? उत्तर गुळमुळीत येणार आणि ते देवयानीच्या तोंडावर फेकून आपण सुटणार, असा त्याचा हिशेब होता.

तीन दिवसांनी उत्तर आलं, यंत्राकडून भाषांतर करून घेतलेलं. बाराही प्रश्नांना नेमकी उत्तरं होती. दरवाजा नऊ पावलांवर. दार सरकतं, चौकट वाकली तर अडकेल, म्हणून बाजूची कागदी भिंत फोडून बाहेर जायचं, लहान मूलही फोडू शकतं. कडी नाही. समोर वांग्यांचं शेत आहे, तिथवर काहीच पोचत नाही. आणि सगळ्यांत शेवटी बाईंनी लिहिलं होतं, ‘मी १९९५ साली कोबे शहरात होते. आमच्या घराला जड कौलं होती. असे प्रश्न ज्यांना माहीत असतं तेच विचारतात. तुम्ही आत होता, की बाहेर?’

ज्ञानेश्वर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सँडविच पुढ्यात घेऊन बसला होता. बत्तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. ‘कोण गेलं’ विचारणारे पुष्कळ भेटले. तू कुठे होतास, हे एकीनंच विचारलं, तेही डोंगरातल्या कुठल्याशा शेतकरणीनं. त्यानं इंग्रजीत ‘माय सिस्टर’ एवढं लिहिलं आणि हात थांबला. ते कुणा दुसऱ्याच्या बहिणीबद्दल वाटत होतं. ते खोडून त्यानं मराठीत लिहायला घेतलं आणि एका दमात लिहून काढलं. यंत्रातून त्याचं जपानी करून वर ठेवलं, आणि यंत्रावर भरवसा नसल्यानं खाली मूळ मराठीही राहू दिलं. पाठवलं, आणि सँडविच तसंच टाकून तो कामाला परत गेला.

एवढा तपासनीस माणूस, पण एक गोष्ट तपासायची राहिली. त्याचं तेच ईमेल घरच्या टॅबलेटवरही उघडं होतं.

अठ्ठावीस जूनला, शनिवारी दुपारी, तो बाजार करून घरी आला. दोन्ही हातांत पिशव्या. बैठकीच्या खोलीतून ईशानीचा आवाज येत होता. ती एकेक अक्षर लावून मराठी वाचत होती आणि वीर शेजारी बसून ऐकत होता.

“बाबानं जपानच्या आजीला मराठीत लिहिलंय, हाऊ फनी,” ती हसत होती. “ऐक. मी सात वर्षांचा होतो. ग-ण-पतीचं वि-सर्जन करून आलो होतो. आम्ही पोरं मा-रुतीच्या पारावर झोपलो. पारावर म्हणजे, आय थिंक, झाडाखाली.”

ज्ञानेश्वर खोलीबाहेरच्या बोळात जागच्या जागी उभा राहिला. आत जायचं, टॅबलेट हिसकावून घ्यायचा, एवढं सोपं काम होतं. पाय उचलेनात.

“माझी बहीण तनू पाच वर्षांची होती. तिलाही बाहेर झोपायचं होतं. ती माझं पांघ... पांघरूण ओढायची.”

“तनू कोण?” वीरनं विचारलं.

“बाबाची सिस्टर.”

“बाबाला सिस्टर नाहीये.”

ईशानीनं बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. तिचा आवाज आता हळू झाला होता, पण ती थांबली नाही. “मी तिला म्हटलं, तू घरात जा आईकडे. ती रडत गेली. मी तिला परत बोलावलं नाही. पहाटे घर पडलं. माळवदाची माती फार जड असते. आई, वडील आणि तनू आत होते. मी बाहेर होतो. मीच तिला आत पाठवलं.”

दुधाची बाटली पिशवीतून घसरून फरशीवर आपटली. ईशानीनं वळून पाहिलं. बापाला तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते त्यानं आजवर फक्त आरशात पाहिलं होतं.

तासाभरानं तो वर गेला तेव्हा तिनं वीरचा पलंग ओढून भिंतीपासून दूर केला होता आणि स्वतःची रजई टेबलाखाली अंथरली होती. वीर पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसला होता.

“आपलं घर पडणार आहे का?” त्यानं विचारलं.

“नाही रे राजा. इथं नाही पडत.”

“ते पेले,” ईशानी टेबलाखालून म्हणाली. “ती ट्रॅडिशन नव्हती ना, बाबा?”

“नव्हती.”

“मग जपान कॅन्सल करूया. मला नाही जायचंय. प्लीज.”

महिनाभर ज्या वाक्यासाठी तो झुरत होता ते असं आयतं हातात पडलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला वाटलं होतं, ही भीती आपली एकट्याची आहे, आपल्याबरोबर जाईल. ती आता अकरा वर्षांच्या पोरीच्या अंगात शिरून टेबलाखाली बसली होती. उद्या ती हॉलमध्ये दरवाजे मोजेल, परवा लाल नकाशा काढेल, आणि तिचीही पोरं कधीतरी उशाशी पेले रचतील.

संध्याकाळी देवयानीनं सगळं वाचलं. तिनं टॅबलेट बाजूला ठेवला. मग भडकली. “चौदा वर्षं, ज्ञानेश! चौदा वर्षं मला एका वाक्यावर ठेवलंस?”

“दुसरं वाक्य सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर पोरांना माझ्याजवळ एकटं सोडलं असतंस?”

तिला कळायला थोडा वेळ लागला, की हे तो खरंच विचारतोय. मग ती रडली, आणि त्याचं डोकं तिनं छातीशी धरलं. तिला जमिनीची भीती समजली असती. पण हा माणूस स्वतःला भीत होता, आणि त्याच्याच शेजारी ती इतकी वर्षं निवांत झोपत होती.

त्याच रात्री मोरिताबाईंचं उत्तर आलं. ‘पत्र दोनदा वाचलं. शब्द यंत्राचे होते, पण समजलं. घर सुरक्षित आहे असं मी सांगणार नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. बाहेर कसं पडायचं एवढं शिकवीन. आमच्याकडे मुलं आली की पहिल्या दिवशी आम्ही घरातून वांग्यांच्या शेतात पळायचा सराव करतो. तुमच्या घरी एकदा करून पाहा.’

दुसऱ्या दिवशी एकोणतीस तारीख. कॅन्सल करायचा शेवटचा दिवस. सकाळी ज्ञानेश्वरनं मुलांना सांगितलं, “आधी सराव करू, मग ठरवू.” त्यानं घाबरत घाबरतच सांगितलं, पण ऑफिसात शिकलेली एक गोष्ट त्याला ठाऊक होती, की जे मोडेल असं वाटतं ते एकदा चालवून बघावं लागतं. ठरलं असं, की देवयानी मागच्या बागेत उभी राहून वीरची फुटबॉलची शिट्टी वाजवेल आणि घरातले सगळे धावत बाहेर येतील. केव्हा वाजवेल ते मात्र सांगणार नाही.

शिट्टी चार वाजता वाजली. ज्ञानेश्वर स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. पुढचं त्याला कळलं तेव्हा तो हिरवळीच्या मधोमध उभा होता, सुरी कुठेतरी पडलेली, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यानं वळून पाहिलं. घर होतं तसं उभं होतं. दार उघडं होतं. दारात कुणी नव्हतं.

तो बाहेर होता आणि पोरं आत होती.

त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारचे गृहस्थ कुंपणावरून डोकावले. “तनू!” तो ओरडला होता. देवयानी त्याला धरायला धावली. तो तिचा हात झटकून दाराकडे पळाला, आत, जिन्याच्या पायथ्याशी, आणि तेवढ्यात वरून ईशानी येताना दिसली. वीरचं मनगट तिनं घट्ट पकडलं होतं आणि ती त्याला अक्षरशः ओढत होती. पोराच्या एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता.

“हा टॉयलेटमध्ये होता,” ती धापा टाकत म्हणाली. “दार उघडत नव्हता. मी थांबली त्याच्यासाठी. मी त्याला सोडून नाही आली, बाबा.”

तिघंही बाहेर आली. ज्ञानेश्वर गवतात मटकन बसला. ईशानी त्याच्या अंगाला चिकटून बसली. वीरला मात्र आता मजा यायला लागली होती. त्यानं शिट्टी हिसकावून घेतली, ती उलट्या बाजूनं फुंकली, वाजली नाही म्हणून आईवर रुसला. मग दुसरा मोजाही काढून टाकला आणि अनवाणी पायांनी मुंगी शोधायला लागला. समोरचे दोन दात पडलेले. टी-शर्ट उलटा.

“बाबा,” ईशानीनं हळूच विचारलं, “तू तेव्हा याच्याएवढाच होतास?”

ज्ञानेश्वरनं पोराकडे पाहिलं. बत्तीस वर्षं पारावर बसून तनूला घरात पाठवणारा जो माणूस त्याच्या डोळ्यांपुढे होता, तो चांगला मोठा होता, अंगानं थोराड, सगळं समजणारा. त्याला तो रोज रात्री दोषी ठरवून झोपत असे. आणि हा इथं सात वर्षांचा. याला अजून डाव्या पायात डावा बूट घालता येत नाही. पांघरुणासाठी बहिणीशी भांडतो आणि पाच मिनिटांनी विसरतो. एवढंसं पोर.

“हो,” तो म्हणाला. “एवढाच होतो.” आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, शेजाऱ्यांदेखत. वीर मुंगी सोडून त्याच्याजवळ आला आणि त्याच्या पाठीवर थोपटायला लागला.

बऱ्याच वेळानं देवयानीनं विचारलं, “मोरिताबाईंना काय कळवू?”

“येतोय म्हणून कळव.” त्याचा आवाज अजून कापत होता. विमानात बसेपर्यंत कापणार होता, त्या छपराखाली तर आठही रात्री कापणार होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं डोळे पुसले आणि घराकडे बघितलं. “आणि शिट्टी परत वाजव. या वेळी मी वरच थांबतो, मुलांजवळ.”